रात्री गाडीचा फोटो काढायचाय? आधी हेडलाइट बंद करा

माझं पहिलं नाइट शूट म्हणजे चुलतभावाची नवीकोरी बोलेरो, नाशिकला सोमेश्वरच्या पुढचा एक रिकामा प्लॉट आणि मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा. दीड तासात दोनेकशे फोटो काढले, घरी येऊन लॅपटॉपवर टाकले तर प्रत्येक फोटोत दोन पांढरे गोळे आणि त्यांच्यामागे काळोख. भाऊ बघून म्हणाला, "अरे यात माझी गाडी कुठंय, हा तर समोरून ट्रक अंगावर येतोय." त्या दिवशी माझी खूप जिरली पण त्यातूनच पहिली गोष्ट कळली, ती म्हणजे हेडलाइट चालू ठेवून गाडीचा फोटो काढायचा नाही. डोळ्याला ते भारी दिसतं कारण डोळा एका वेळी उजेड पण सांभाळतो आणि अंधार पण, कॅमेऱ्याला ते जमत नाही, हेडलाइट नीट दिसावा असं सेटिंग केलं तर गाडी गायब आणि गाडी दिसावी असं केलं तर हेडलाइटचा भडका.

मग लाइट चालू असलेली गाडी दाखवायचीच नाही का? दाखवायची ना, पण त्याची एक युक्ती आहे. समजा फोटो वीस सेकंदांचा आहे, म्हणजे शटर वीस सेकंद उघडं राहणार, तर त्यातला फक्त एक सेकंद पार्किंग लाइट चालू करायचा आणि लगेच बंद. एक जण गाडीत बसवायचा, तुम्ही "हां" म्हटलं की त्याने लाइट चालू करून मनात "एक" म्हणून बंद करायचा. फोटोत लाइट मस्त पेटलेला दिसतो, आत डीआरएलची (दिवसा पेटणाऱ्या दिव्याची) पट्टी असेल तर तीही वेगळी दिसते आणि भडका अजिबात नाही. आत बसणाऱ्याला तेवढं सांगून ठेवा की ब्रेकवर पाय ठेवू नको, नाहीतर मागची सगळी भिंत लाल होते, आणि मोबाइल बघत बसू नको, त्याचा चेहरा काचेतून भुतासारखा उमटतो. माझ्याकडे असा एक फोटो आहे, दाखवणार नाही.

आता मुळात सुरुवात कुठून करायची, तर गाडी बाजूला ठेवा आणि आधी उजेड शोधा. नवीन माणूस काय करतो, छान जागा बघतो, गाडी लावतो आणि मग म्हणतो अंधार आहे. उलटं करायचं. रात्री दहानंतर कॉलेज रोडला एक चक्कर मारा, दुकानं बंद झालेली असतात पण बऱ्याच दुकानांचे ग्लोसाइन बोर्ड चालूच असतात. असा मोठा पांढरा बोर्ड म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओतला मऊ उजेड देणारा मोठा दिवा). त्याच्यासमोर दहा-बारा फुटांवर गाडी आडवी लावा आणि खाली बसून दरवाज्याकडे बघा, बोर्डाचा उजेड पत्र्यावर एक लांब पट्टा होऊन पसरलेला दिसेल, गाडी अर्धा फूट पुढेमागे घेतली की तो पट्टा पण सरकतो. हँडलच्या खालून जाणाऱ्या बॉडीलाइनवर तो बरोबर बसला की तिथे गाडी थांबवा. याच्याउलट एकच स्ट्रीटलाइट बरोबर डोक्यावर असेल तर टपावर एक पांढरा ठिपका पडतो आणि खाली चाकं अंधारात जातात, तिथे कितीही सेटिंग बदला, उपयोग नाही.

काळी गाडी असेल तर हे अजूनच महत्त्वाचं, कारण काळ्या गाडीचा फोटो म्हणजे खरंतर तिच्यात काय काय दिसतंय त्याचा फोटो. बॉनेटमध्ये विजेच्या तारा, पानटपरी, तुम्ही स्वतः, सगळं उमटतं. शिकायला पांढरी किंवा सिल्व्हर गाडी घ्या, नाशकात तिला काही तोटा नाही.

वेळेचं म्हणाल तर पूर्ण रात्र ही नवीन माणसाची वेळच नाही. दिवेलागण गाठायची. फोटोवाले ज्याला ब्लू अवर म्हणतात ती हीच, फक्त नावात अवर आहे म्हणून तासभर मिळेल असं समजू नका, आपल्याकडे सूर्य पटकन खाली जातो, मावळल्यावर कामाची वेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. डिसेंबरात नाशकात सहाच्या आसपास सूर्यास्त होतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास (जूनमध्ये ढग नसले तर, ते वेगळंच). या वेळात आकाश गडद निळं असतं पण काळं नसतं, रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि गाडीच्या टपाची कड आकाशापासून वेगळी दिसते. काळ्या आकाशात टप विरघळून जातो, मग तो वेगळा काढायला टॉर्च वगैरे खटाटोप करावा लागतो. म्हणून सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास जागेवर पोहोचा, गाडी लावा, ट्रायपॉड लावा, फ्रेम पक्की करा आणि मग चहा प्या. सूर्य मावळल्यावर पोहोचलात तर पार्किंग करण्यातच ती वीस मिनिटं जातात.

सामान फार लागत नाही. कॅमेरा कुठलाही चालेल ज्यात मॅन्युअल मोड आहे. ट्रायपॉड मात्र हवाच, स्वस्त असला तरी चालेल पण त्याची मधली दांडी वर काढू नका, ती काढली की वाऱ्याने हलतो. ट्रायपॉड नसेल तर घरातून अर्धा किलो तांदूळ कापडी पिशवीत भरून घ्या, कठड्यावर ठेवून त्यात कॅमेरा रुतवून बसवा, हालत नाही बघा. शटर बोटाने दाबलं की कॅमेरा हलतोच, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. आणि लेन्सवर स्टॅबिलायझेशनचं बटण असेल तर ट्रायपॉडवर असताना बंद करा, काही लेन्समध्ये ते चालू राहिलं तर नसलेला हादरा शोधत बसतं आणि फोटो उगाच मऊ येतो.

उभ्या गाडीसाठी सेटिंग सोपं आहे. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा लहान तेवढं जास्त उघडं) एफ/८, शटर आठ-दहा सेकंदांपासून सुरू करा, फोटो काळा आला तर वीस करा, जास्त उजळ आला तर पाच. फॉरमॅट रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा. पण प्रत्येक वेळी वीस वीस सेकंद थांबून फ्रेम चेक करत बसलात तर दिवेलागण संपेल, म्हणून एक हिशोब सांगतो. आयएसओ १०० वरून ६४०० म्हणजे सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे चौसष्ट पट. ट्रायल फोटो ६४०० ला काढा, एका सेकंदात जो उजेड आला तोच १०० ला यायला चौसष्ट सेकंद लागतील, पाव सेकंदात आला तर सोळा सेकंद. ट्रायल फोटो दाणेदार येईल, येऊ दे, फ्रेम बघायची आणि डिलीट करायचा. फक्त नंतर आयएसओ परत खाली आणायला विसरू नका, मी एका मित्राच्या साखरपुड्याचे अर्धे फोटो दुपारच्या उन्हात ६४०० ला काढलेत.

अजून एक, वीस सेकंदांचा फोटो झाल्यावर कॅमेरा पुढचे वीस सेकंद नुसता ढिम्म बसला तर तो बिघडला असं समजून बॅटरी काढू नका. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असतं, तो शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा काळा फोटो घेतो आणि त्यातले चुकीचे ठिपके पहिल्यातून वजा करतो. दिवेलागणीला घाई असते तेव्हा ते मेन्यूत जाऊन बंद ठेवलेलं बरं.

फोकस हा नवीन लोकांचा सगळ्यात मोठा घोळ. अंधारात ऑटोफोकस पुढेमागे शोधत राहतो आणि शेवटी कुठेतरी मागच्या झाडावर बसतो. टॉर्च घ्या, गाडीच्या तुमच्या बाजूच्या हेडलाइटच्या कडेवर मारा, तिथे फोकस करा, आणि झाला की लेन्सचं बटण मॅन्युअलवर टाका म्हणजे पुढच्या फोटोला तो परत शोधायला जाणार नाही. स्क्रीनवर दहा पट झूम करून बघा, नंबर प्लेटची अक्षरं धारदार दिसली पाहिजेत. स्क्रीनचा ब्राइटनेस पण कमी करा. अंधारात स्क्रीन इतकी झगझगीत वाटते की फोटो छान उजळ आलाय असं वाटतं आणि घरी आल्यावर कळतं की दोन स्टॉप काळा आहे. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं किती आणि उजळ किती ते दाखवणारा आलेख, बघायची सवय लावा.

रंगाचं थोडक्यात. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली लाल गाडी मातकट दिसते आणि ते नंतर कॉम्प्युटरवर पण नीट सुधरत नाही, कारण त्या उजेडात मुळात बाकीचे रंगच फार कमी असतात. तिथे सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा नाहीतर पांढऱ्या एलईडी दिव्याखाली गाडी हलवा. एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा दिवा असेल तर मी तरी ती जागा सोडतो.

उभं कुठे राहायचं? उभं राहायचंच नाही, बसायचं. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला आला पाहिजे, उभ्याने काढलेला फोटो ओएलएक्सवर गाडी विकायला काढल्यासारखा दिसतो. वाइड लेन्सने जवळून काढू नका, नाक फुगतं आणि मागचा भाग शेपटीसारखा निमुळता होतो, त्यापेक्षा ५० एमएम किंवा त्याच्या पुढच्या लेन्सने लांब जाऊन काढा. आणि पुढचं चाक वळवायचं असेल तर असं वळवा की कॅमेऱ्याला रिम दिसेल, टायरचा खरबडा भाग नाही. हे कळायला मला सहा महिने लागले, कोणी सांगतच नाही.

बरं, आता टॉर्चने गाडी रंगवणं. हा माझा आवडता प्रकार म्हणून जरा सविस्तर लिहितो. यासाठी अंधारी जागा हवी, आम्ही गंगापूर धरणाकडे जाताना एका ओळखीच्यांच्या मळ्यात करतो, विचारून. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ/८, आयएसओ १००, पंचवीस सेकंद. आता शटर उघडलं की टॉर्च घेऊन गाडीच्या बाजूने चालायचं आणि पत्र्यावर उजेड सोडत जायचं. वाचायला सोपं वाटतं, पहिल्यांदा केलं की गाडीवर देवी आल्यासारखे पांढरे ठिपके येतात, कारण नुसता टॉर्च म्हणजे एक बिंदू आणि गाडीचा पत्रा म्हणजे आरसा, तो बिंदू जसाच्या तसा उमटतो. त्यासाठी टॉर्च नाही, एलईडीची लांब ट्यूब घ्यायची, यूएसबीवर चालणारी फूट-दीड फुटाची मिळते, तिला बटर पेपर गुंडाळायचा आणि पॉवर बँक खिशात ठेवायची. ट्यूब गाडीला समांतर आडवी धरायची आणि पुढच्या बंपरपासून मागच्या लाइटपर्यंत एकाच उंचीने, एकाच चालीने जायचं, मध्ये थांबायचं नाही. जिथे पाय अडखळला तिथे पट्टा जाड होतो. आमच्या मळ्यात ढेकळं आहेत त्यामुळे आधी दोनदा ट्यूब बंद ठेवून नुसती चाल करून बघतो, बघणाऱ्याला वाटतं यांचं काहीतरी तंत्रमंत्र चाललंय.

कपडे काळे घाला आणि सारखं हलत राहा, मग तुम्ही स्वतः फोटोत येत नाही. ट्यूबच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला काळा पुठ्ठा चिकटवा, नाहीतर हवेत उजेडाची रेघ येते. एका फोटोत सगळी गाडी रंगवायचा हट्ट करू नका. एकात फक्त टप, एकात बाजू, एकात चाकं (चाकांना साधा टॉर्च चालतो, पण बाजूने मारायचा), एकात पार्किंग लाइटचा तो एक सेकंद, आणि मग हे चार-पाच फोटो गिंप किंवा फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून लेअर मोड लाइटन करायचा. प्रत्येक फोटोतला उजळ भाग वर येतो आणि काळा भाग आपोआप जातो. अट एकच, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत कॅमेरा केसभर पण हलता कामा नये, म्हणून कुत्रं आलं तर आधी ट्रायपॉड धरा, मग कुत्र्याचं बघा.

नंबर प्लेटवर सरळ टॉर्च किंवा फ्लॅश मारू नका. नवीन हाय सिक्युरिटी प्लेट उजेड आला तिकडेच परत फेकतात, प्लेट नुसती पांढरी जळते. आणि टॉर्चचा उजेड निळसर वाटत असेल तर त्यावर पतंगाचा पिवळा कागद लावा. संक्रांतीनंतर येवल्यात काय, इथे काय, घराघरात फाटके पतंग पडलेलेच असतात.

चालत्या गाड्यांचे दोन प्रकार. एक म्हणजे लाल-पांढऱ्या रेघा. यात गाडी दिसतच नाही, फक्त तिच्या लाइटची वाट दिसते. एफ/११, आयएसओ १००, दहा ते पंधरा सेकंद. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, म्हणजे दहा सेकंदांत एकशे दहा मीटर, तर तुमच्या फ्रेममध्ये रस्ता किती दिसतोय ते बघून वेळ ठरवा, नाहीतर रेघ अर्ध्यातच तुटते. मुंबई नाका किंवा द्वारकासारखा चौक वरून मिळाला तर उत्तमच, त्यासाठी कोणाच्यातरी ऑफिसची गच्ची गाठा आणि सिग्नल सुटायच्या एक सेकंद आधी शटर दाबा. एसटी किंवा ट्रक आला तर वरचे दिवे पण रेघ मारतात, ती उंचावरची वेगळी रेघ फोटोत छान दिसते. फ्लायओव्हरवर कडेला ट्रायपॉड लावून उभं राहायचं डोक्यात असेल तर काढून टाका. मी एकदा केलंय, ट्रक जवळून गेला की सगळा पूल थरथरतो त्यामुळे फोटो हललेला, आणि एका ड्रायव्हरने खिडकीतून जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही पण त्याचं बरोबर होतं.

दुसरा प्रकार पॅनिंग, म्हणजे गाडी स्थिर आणि मागचं सगळं पळतंय. रिक्षापासून सुरुवात करा कारण ती फार जोरात जात नाही आणि दर मिनिटाला दुसरी येते. दिवे भरपूर असलेला सरळ रस्ता, फुटपाथवर उभे राहा, शटर १/३०, अॅपर्चर जेवढं उघडतं तेवढं, आयएसओ १६०० ते ३२००, फोकस कंटिन्युअसवर. पाय समोरच्या बाजूला रोवायचे, रिक्षा लांब असतानाच तिला फ्रेममध्ये पकडायचं आणि कमरेतून वळत तिच्याबरोबर फिरायचं, समोर आली की तीन-चार फोटो एकदम, आणि ती गेल्यावर पण थोडं फिरत राहायचं. बहुतेक जण शटर दाबलं की थबकतात, तिथेच फोटो जातो. पहिल्या दिवशी माझे शंभरेक फोटो झाले, ठेवण्यासारखे तीन, आणि त्या तिघांत पण एका रिक्षावाल्याने माझ्याकडे बघून हात केलेला. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंतच उघडते, ५० एमएमची एफ/१.८ लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहा पट उजेड आत घेते, म्हणून पैसे घालायचेच तर आधी त्या लेन्सवर घाला, नवीन कॅमेरा बॉडीवर नको. समोरून येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारायचा नाही, कधीच नाही, चालवणाऱ्याला क्षणभर काही दिसत नाही.

फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर कॅमेरा खराब नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. गाड्यांच्या एलईडी टेललाइटचं मात्र वेगळं असतं, फास्ट शटरला एका फोटोत चालू आणि दुसऱ्यात बंद दिसतात, त्याला शटर हळू करणं हाच उपाय.

मोबाइलवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. उभ्या गाडीला नाइट मोड उत्तम चालतो, फक्त मोबाइल कशाला तरी टेकवा. चालत्या गाडीला नाइट मोड लावू नका, तो बरेच फोटो जोडून एक करतो आणि गाडीच्या दोन-दोन सावल्या येतात.

पावसाळा म्हणजे चांदी. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात बाहेर पडा, ओल्या डांबरावर प्रत्येक दिव्याची लांब पट्टी पडते, कॅमेरा जमिनीपासून फूटभर वर ठेवा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, निफाडकडे पहाटे गेलात तर दुसरी बॅटरी खिशात अंगाजवळ ठेवा, आणि नदीकाठी लेन्सवर दव बसतं ते दर दहा मिनिटांनी पुसा. द्राक्षाच्या दिवसांत रात्री क्रेट भरून चाललेल्या पिकअप थांबलेल्या दिसतात, चहा प्यायला थांबलेल्या ड्रायव्हरला विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, वर "मला पाठव" म्हणून नंबर पण देतात. पाठवा नक्की.

कुठे कॅमेरा काढायचा नाही ते पण लक्षात असू द्या. नाशिकरोडला नोटांच्या आणि सिक्युरिटी प्रेसच्या आसपास, देवळाली कॅम्पात लष्कराच्या भागात, ओझरला एचएएलच्या बाजूला, तिथे गाडी कितीही भारी दिसत असली तरी ट्रायपॉड उघडू नका. आणि दुसऱ्याच्या गाडीचा फोटो टाकताना प्लेट ब्लर करा.

शेवटचं, गाडी धुवून आणा. दिवसा जी गाडी स्वच्छ वाटते तिच्यावर बाजूने टॉर्च पडला की पाण्याचा एकेक डाग, फडक्याच्या एकेक ओरखड्यासकट सगळं उठून दिसतं. बोलेरोचं दुसऱ्यांदा शूट केलं तेव्हा सगळं जमलं होतं, निळं आकाश, पार्किंग लाइटचा एक सेकंद, टपावर ट्यूबचा सरळ पट्टा. भावाला पाठवला, त्याने पाच मिनिटं झूम करून बघितला आणि रिप्लाय केला, "भारीये रे, पण मागच्या दरवाज्यावर ते काय?" कावळ्याचं होतं.